फेकून देण्यासाठी घडविलेले पाते



आज आम्ही ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत, ती आपल्यापैकी पुष्कळांनी सकाळीच हाताळली असेल आणि तोंड पुसता पुसता विसरलीही असेल. दाढीचे पाते ही ती वस्तू. इतिहास म्हटला की गडकोट, तह आणि राज्यारोहणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. या व्याख्यानमालेत त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. आमचे शिक्षण शाळेबाहेरचे, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालेले. तेव्हा आम्ही हाताजवळचाच विषय घेतला आहे. त्यावर बोलण्याचा आमचा अधिकार दोन कारणांनी आहे. आमचे वडील न्हावी होते, आणि आम्ही स्वतः गेली तीस वर्षे सफाई कामगारांच्या युनियनचे काम करीत आहोत. या दोन गोष्टींचा पात्याशी काय संबंध, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

पाते येण्यापूर्वी वस्तरा होता. आमच्या वडिलांच्या धोकटीतला वस्तरा आम्ही लहानपणी पुष्कळ वेळा पाहिला आहे, कारण त्याला हात लावण्याची आम्हांला बंदी होती. जाड पाठीचे, आत खोलगट घासलेले पोलादी पाते मुठीत मिटत असे. प्रत्येक गिऱ्हाइकाआधी ते चामड्याच्या पट्ट्यावर दहा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवावयाचे आणि काही दिवसांनी दगडावर धार लावावयाची. ही धार लावणे म्हणजे खरी विद्या. श्मश्रू करावयास कोणीही शिकेल, पण पोलादाच्या कडेला आलेला सूक्ष्म बाक बोटाच्या पेराने ओळखणे सर्वांस साधत नाही. वडील म्हणत, वस्तरा बोलतो. तो काय बोलतो हे आम्हांला कधी ऐकू आले नाही, म्हणून तर आम्ही युनियनमध्ये आलो!

या वस्तऱ्याचा एक दोष मात्र होता आणि तो लपवून चालणार नाही. एकच वस्तरा सकाळपासून पंचवीस-तीस गालांवरून फिरे. एकाच्या हनुवटीवरचा पुरळ दुसऱ्याच्या हनुवटीवर जाई. इंग्रजीत दाढीच्या केसांच्या मुळांशी होणाऱ्या त्या विकाराला न्हाव्याचीच खाज असे नाव पडले होते. जणू काही ती न्हाव्याने आपल्या घरी पिकविली होती! अमेरिकेत न्हाव्यांची राष्ट्रीय युनियन १८८७ साली स्थापन झाली. पुढे १८९७ साली मिनेसोटा राज्याने न्हाव्यांना परवान्याची व स्वच्छतेची अट घालणारा कायदा केला, आणि मग इतर राज्यांतून तसे कायदे होत गेले. पट्टेवाल्याने दंड करण्याऐवजी धंद्याला शिस्त लावून घ्यावी, हा विचार आम्हांला पटतो.

वस्तऱ्याची गोष्ट निघालीच आहे तर एक आठवण दिल्यावाचून पुढे जाणे आम्हांला अवघड आहे. १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आमच्या चळवळीत सर्वांना माहीत आहे. त्याच सुमारास, त्यांच्याच पुढाकाराने, मुंबईत शेकडो न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे त्या सभेत ठरले. गिरणी बंद पाडणारे संप पुष्कळ झाले. पण रूढीच्या हातातले हत्यारच ज्यांच्या हातात होते, त्यांनी ते खाली ठेवले, असा संप विरळा. हा वस्तरा नाकारता येत होता, कारण तो माणसाच्या हातात होता. असो.

आता आपण अमेरिकेत जाऊ. विस्कॉन्सिन राज्यातील फाँ दु लाक या गावी ५ जानेवारी १८५५ रोजी किंग कॅम्प जिलेट यांचा जन्म झाला. ‘किंग’ हे त्यांचे नावच होते, पदवी नव्हे. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार शिकागोत होता, तो १८७१ च्या मोठ्या आगीत भस्म झाला. मुलगा लहान वयातच नोकरीस लागला आणि फिरता विक्रेता बनला. आगगाडी, खानावळ, गिऱ्हाईक, पुन्हा आगगाडी, असे त्याचे आयुष्य चालले होते. चाळिशीला आलेला हा विक्रेता रात्री खोलीत बसून एक पुस्तक लिहीत होता, हे त्याच्या मालकांना कदाचित ठाऊकही नसेल.

ते पुस्तक १८९४ साली बाहेर पडले. नाव ‘द ह्युमन ड्रिफ्ट’. त्यात दाढीचा उल्लेख शोधू नये. जगातल्या सर्व दुःखांचे मूळ स्पर्धेत आहे, असे त्यात प्रतिपादिले आहे. एकाच वस्तूचे शंभर कारखाने, शंभर दुकाने, शंभर जाहिराती आणि त्यांच्यात फिरणारे हजारो दलाल ही सारी मानवी श्रमाची नासाडी होय, आणि ही नासाडी थांबली तर कोणी उपाशी राहणार नाही. यावर त्यांचा उपाय असा, की सर्व उत्पादन एकाच प्रचंड कंपनीने करावे आणि त्या कंपनीचे भागीदार सर्व नागरिक असावेत. नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणारे ‘मेट्रोपोलिस’ नावाचे एक महानगर वसवावे व जवळजवळ सारी अमेरिका, म्हणजे सहा कोटी माणसे, तेथे उंच इमारतींतून राहावीत. नगराचे आराखडेही पुस्तकात काढले आहेत.

आपणांस हसू येईल. आम्हांलाही प्रथम आले होते. परंतु जो माणूस स्वतः दलाली करून पोट भरीत होता, त्याने दलालीला नासाडी म्हणावे यात एक प्रामाणिकपणा आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. सर्वांची मिळून एक कंपनी झाली तरी सकाळी सात वाजता भोंगा कोण वाजविणार आणि भोंग्यानंतर पाच मिनिटांनी आलेल्याचे काय होणार, हा प्रश्न उरतोच. असले प्रश्न आराखड्याने सुटत नसतात.

पुस्तकाने जग बदलले नाही. पोट मात्र भरावयाचे होते. जिलेट त्या वेळी विल्यम पेंटर नावाच्या संशोधकाच्या कंपनीत विक्रेते होते. सोड्याच्या बाटलीवर जे कंगोऱ्यांचे पत्र्याचे बूच असते, आत तेव्हा बुचाच्या लाकडाची चकती बसविलेली असे, ते या पेंटर यांनी १८९२ साली काढले. बाटली एकदा उघडली की बूच फेकून द्यावयाचे आणि कारखान्याने नवे विकत घ्यावयाचे. पेंटर यांनी आपल्या या हुशार विक्रेत्याला सल्ला दिला, की तूही असेच काहीतरी शोधून काढ, की जे एकदा वापरून माणूस टाकून देईल व पुन्हा घ्यावयास येईल. जिलेट यांनी स्वतःच ही हकीकत पुढे सांगितली आहे. ते म्हणे वर्णमालेतले एकेक अक्षर घेऊन वस्तूंची यादी करीत बसत.

१८९५ च्या उन्हाळ्यात बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथे ते आरशापुढे दाढी करावयास उभे राहिले, तेव्हा वस्तरा इतका बोथट झालेला की पट्ट्याने भागेना. धार लावणाऱ्याकडे पाठवावा लागणार होता. तेथेच त्यांना सुचले. केस कापते ती नुसती कड. मग त्या कडेसाठी एवढे जाड घडविलेले पोलाद कशाला? कागदासारखा पातळ पत्रा घ्यावा, दोन्ही कडांना धार द्यावी, तो दोन तुकड्यांत घट्ट आवळावा आणि बोथट झाला की टाकून द्यावा. ते बाजारात गेले. पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगचे पोलाद, हातातला छोटा शेगडा व कानशी घेऊन आले आणि पहिला नमुना बनविला. पत्नी तेव्हा ओहायोत होती. तिला त्यांनी पत्र लिहिले, की आता आपल्या दैन्याचा शेवट झाला. हिशेबही सोपा होता. सोळा सेंटांत एक पौंड पोलादी पट्टी, आणि एका पौंडात पाचशे पाती!

दैन्य मात्र आणखी काही वर्षे तसेच राहिले. सुरक्षित वस्तरा ही कल्पना नवी नव्हती. फ्रान्समध्ये झां-जाक पेरे यांनी अठराव्या शतकातच वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसविला होता, आणि न्यूयॉर्कच्या कँफे बंधूंचा दातेरी आडोशाचा वस्तरा १८८० पासून बाजारात होता. परंतु त्यांचे पाते घडविलेले, जाड, पुन्हा पुन्हा धार लावावी लागणारे. पातळ पत्र्याला कोणीच धार देऊ शकत नव्हते. कठीण करण्यासाठी पत्रा तापवून थंड करावा तर तो वाळल्या पानासारखा वाकडा होई; सपाट ठेवावा तर मऊ राही आणि धार धरीत नसे. धातूंच्या जाणकारांनी, मॅसॅच्युसेट्सच्या नामांकित तंत्रसंस्थेतल्या माणसांनीसुद्धा, हे होणार नाही असे सांगितले. जिलेट पुढे म्हणत, की आपण तंत्र शिकलेले असतो तर तेथेच नाद सोडून दिला असता. आमच्यासारख्या न शिकलेल्यांना हे वाक्य फार गोड लागते. पण त्यात अर्धेच सत्य आहे, कारण अखेर काम झाले ते शिकलेल्या माणसाच्याच हातून.

त्यांचे नाव विल्यम एमरी निकरसन. हे त्याच तंत्रसंस्थेत शिकलेले रसायनज्ञ व यंत्रकार होते. १९०१ साली त्यांनी हे काम अंगावर घेतले. मिलिमीटरच्या सुमारे सातव्या हिश्शाइतका पातळ पत्रा सपाट राखून कठीण कसा करावयाचा, आणि त्याला हाताने नव्हे तर यंत्राने धार कशी लावावयाची, हे त्यांनी बसविले. हातातला वस्तऱ्याचा दांडाही भक्कम असल्यावाचून पाते थरथरेल, म्हणून तोही त्यांनी नव्याने आखला. कल्पना जिलेट यांची खरी, पण लाखो पाती एकसारखी निघतात ती निकरसन यांच्या यंत्रांतून. कंपनीला त्यांचे नाव मिळाले नाही. कारण विनोदी आहे. इंग्रजीत ‘निक’ म्हणजे कापल्याची खाच, आणि दाढीच्या वस्तऱ्यावर असे नाव कोण खपवून घेणार! तेव्हा पुडीवर मिशीवाल्या जिलेटसाहेबांचे चित्र छापले गेले आणि तो चेहरा जगभर झाला. निकरसन यांचा चेहरा कसा होता, हे आमच्या वडिलांनी आयुष्यभर त्यांची पाती वापरूनही कधी पाहिले नाही.

कारखाना बोस्टनला निघाला. जॉन जॉइस नावाच्या मद्याच्या व्यापाऱ्याने भांडवल घातले, आणि जो भांडवल घालतो तो खुर्चीही मागतो हे आपण जाणताच. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, एकंदर ५१ वस्तरे व १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी वस्तऱ्यांचा आकडा नव्वद हजारांवर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले.

एक समज येथे दूर केला पाहिजे. व्यापारशास्त्राचे विद्यार्थी सांगतात, की जिलेट यांनी दांडा जवळजवळ फुकट दिला आणि पात्यांवर पैसा केला. प्रत्यक्षात पेटंट हाती होते तोवर दांड्याची किंमत पाच डॉलर होती. म्हणजे तेव्हाच्या साध्या अमेरिकन कामगाराचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार! १९२१ साली पेटंटची मुदत संपली व प्रतिस्पर्धी दाराशी आले, तेव्हा जुन्या घडणीचा दांडा एक डॉलरला निघाला. ज्या स्पर्धेला ‘द ह्युमन ड्रिफ्ट’च्या लेखकाने सर्व पापांचे मूळ ठरविले होते, तिनेच त्यांचा वस्तरा गरिबाच्या परवडीत आणला. आम्ही स्पर्धेचे भक्त नाही, पण खरे ते सांगितले पाहिजे.

पहिले महायुद्ध आले. १९१८ साली अमेरिकन सरकारने आपल्या सैन्यासाठी ३५ लाख वस्तरे आणि तीन कोटींहून अधिक पाती घेतली. खंदकात न्हावी नसतो, आणि विषारी वायूचा मुखवटा दाढीवर नीट बसत नाही. घरी परतलेला शिपाई स्वतःची दाढी स्वतः करावयास शिकून आला, आणि आठवड्यातून दोन-तीनदा न्हाव्याकडे जाण्याची रीत मागे पडली.

पण त्याच युद्धातली दुसरी हकीकत आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती पात्याची नसून ब्रशाची आहे. युद्धापूर्वी ब्रशाचे चांगले केस बिज्जूचे असत व ते साफ करण्याचा मोठा धंदा जर्मनीत होता. युद्धाने ती वाट बंद झाली. मग पूर्वेकडून आलेले घोड्याचे केस, धड न धुतलेले, ब्रशांत बसू लागले. गुरांना होणारा फाशी नावाचा रोग, जो माणसाच्या कातडीवर उठला म्हणजे आपण काळपुळी म्हणतो, त्याचे बीज या केसांत होते. हे बीज वर्षानुवर्षे मरत नाही. शिपायाने साबणाचा फेस गालावर घासला, पात्याने बारीकशी खाच पडली, आणि काही दिवसांत मानेवर काळी खपली व सूज आली. ब्रिटन व अमेरिकेत अशा दोनशेंवर केसेस नोंदल्या गेल्या आणि पुष्कळ माणसे दगावली. ब्रिटनने १९१९ साली या रोगाच्या प्रतिबंधाचा कायदा केला व १९२० साली जपानी दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली.

आता ध्यानात घ्या, की हा रोग नवा नव्हता. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या लोकर निवडणाऱ्या कामगारांना तो एकोणिसाव्या शतकात इतका होई की त्याचे नावच लोकर निवडणाऱ्यांचा रोग असे पडले होते. कातडी सोलणारे, केस विंचरणारे, ब्रश बांधणारे हे त्याने मरतच आले होते. त्यांच्यासाठीही नियम झाले, पण रडतखडत व फार उशिरा. तीच काळपुळी साहेबाच्या हनुवटीवर उठली तेव्हा दोन-चार वर्षांत बंदर बंद झाले.

जिलेट यांचे पुढे काय झाले? जॉइस यांच्याशी भांडण विकोपास जाऊन १९१० साली त्यांनी आपले बहुतेक भाग सुमारे नऊ लाख डॉलरांना विकले. चित्र पुडीवर राहिले, अध्यक्षपदाचे नावही राहिले, सत्ता गेली. त्याच वर्षी त्यांनी जुने स्वप्न पुन्हा बाहेर काढले. ‘वर्ल्ड कॉर्पोरेशन’ नावाची कंपनी नोंदवून तिचे अध्यक्ष व्हावे म्हणून माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यांनी दहा लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्ट यांनी नकार दिला. १९२४ साली ‘द पीपल्स कॉर्पोरेशन’ हे पुस्तक आले, त्याला समाजवादी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांचे साहाय्य होते. १९३० साली दुसऱ्या एका ब्लेड कंपनीशी एकत्रीकरण होताना कंपनीने वर्षानुवर्षे नफा फुगवून दाखविल्याचे उघड झाले. मंदीत संपत्ती वितळली. ९ जुलै १९३२ रोजी कॅलिफोर्नियात ते वारले, तेव्हा हाती फारसे काही उरले नव्हते. आम्ही त्यांना ढोंगी म्हणणार नाही. तीस वर्षे एकच वेड जपणारा माणूस ढोंगी नसतो. परंतु नासाडीविरुद्ध तीन-तीन वेळा लेखणी व पैसा उचलणाऱ्या माणसाने जगाला दिलेली वस्तू कोणती, तर दोनचार वेळा वापरून फेकावयाची!

फेकावयाची, पण कोठे? अमेरिकेत याला एक नमुनेदार उत्तर निघाले. न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटाच्या पाठीशी एक बारीक फट ठेवीत. बोथट पाते त्या फटीत टाकले की ते भिंतीच्या पोकळीत पडे. ती पोकळी रिकामी करण्याची सोयच नव्हती. आज अशी जुनी घरे पाडताना भिंतीतून गंजलेल्या पात्यांचे ढीग निघतात आणि पाडणाऱ्या मजुराला हात जपावे लागतात.

आमच्याकडे भिंतीत फट नव्हती, गल्लीत उकिरडा होता. १९९० नंतर एड्सच्या भीतीने गिऱ्हाइके ‘नवीन ब्लेड लावा’ असे म्हणू लागली. आमच्या वडिलांना प्रथम अपमान वाटला. नंतर त्यांनीही वस्तऱ्यासारखा दिसणारा, पण पाते बदलता येणारा दांडा घेतला. कागदातच पाते मधोमध मोडावयाचे, एक अर्धुक लावावयाचे, एक ठेवावयाचे. डॉक्टरी दृष्टीने हे फारच चांगले झाले. गिऱ्हाइकाच्या हनुवटीवरचा पुरळ कमी झाला यात शंका नाही.

त्याच दिवसांत आम्ही एका नगरपालिकेच्या झाडूवाल्यांत काम करीत होतो. एके सकाळी एक बाई हाताला चिंधी गुंडाळून युनियनच्या खोलीवर आली. तळहात खोल कापला होता. हातमोजे मिळत नव्हते. अर्ज केला तर हातमोजे घातल्यावर झाडू नीट धरता येत नाही असे उत्तर मिळे, आणि भरपगारी रजा मागितली तर जखम कामावरच झाली याचा पुरावा मागत. ती म्हणाली, “कचऱ्याला दात असतात, भाऊ.” आणि पदराच्या गाठीतून पुरावा काढून टेबलावर ठेवला. ते अर्धे पाते होते.

घरी दाढी करणारा माणूस पाते मोडीत नाही. अर्धे पाते सलूनमधूनच येते. ती झाडीत होती त्या गल्लीत सलून दोन होती, आणि त्यांतले एक आमच्या वडिलांचे.

रजेचा अर्ज आम्ही लिहिला, त्यासाठी भांडलो, सात दिवसांची रजा मिळाली. पाते कोठून आले हे अर्जात लिहिले नाही. संध्याकाळी घरी जाऊन वडिलांपुढे ते ठेवले. त्यांनी चष्मा लावून कड पाहिली, जशी पूर्वी वस्तऱ्याची पाहत. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात पावडरचा एक रिकामा डबा दिसला, झाकणाला छिन्नीने फट पाडलेली. त्यानंतर दुकान बंद होईपर्यंत एकही पाते कचऱ्यात गेले नाही. समोरच्या दुकानदारानेही तसा डबा केला, पण त्यासाठी वडिलांना दोनदा सांगावे लागले.

पहिला डबा भरला तेव्हा वडिलांनी तो आमच्या हाती दिला आणि विचारले, “आता हा द्यायचा कोणाकडे?” आम्ही नगरपालिकेत विचारले, तेथे एका खात्याने दुसऱ्या खात्याकडे पाठविले. भंगारवाला म्हणाला, सुटी पाती मी हाताने कशी निवडू? झाकण डाग लावून पक्के केले आणि डबा कपाटावर ठेवला. वडील जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. असे चार डबे युनियनच्या खोलीत कपाटावर आहेत. नवीन येणारी पोरे ते खाली काढून हलवून पाहतात आणि यात काय आहे म्हणून विचारतात.